पाटावर बसायला कुणीतरी हवं होतं

खारघरमध्ये कुठल्याही सोसायटीच्या हॉलात हळद असली की आमच्या मावशींचं गाणं लागतंच. त्या गाण्याच्या मधोमध ट्रक रिव्हर्स घेतल्याचा आवाज आहे आणि तो आला की पोरं हात वर करून त्याच्यावरच नाचतात. पुष्कळांना ते मुद्दाम टाकलेलं म्युझिक वाटतं. तसं नाही. नेरूळजवळ शिरवण्यात मावशींच्या घरामागं भंगारवाल्याचा ट्रक वळत होता, आणि आत ओटीवर मी पाटावर बसले होते, पायापासून कपाळापर्यंत हळद लावून.

मावशी म्हणजे आमच्या चाळीच्या मालकीणबाई. माझा भाऊ तळोज्याला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर लागला, तेव्हा आम्ही दोघं परभणीकडून आलो आणि त्यांची एक खोली भाड्यानं घेतली. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा नदीपलीकडच्या गावात, एकट्या मुलीला रोज कोण सोडणार, म्हणून मी सातवीनंतर घरी बसले. आई मी लहान असतानाच गेली होती. भावाला डबा करून द्यायला कुणीतरी पाहिजे होतं म्हणून त्यानं मला बरोबर आणलं, तेही थोड्या दिवसांसाठी. कारण माझी सुपारी फुटलेली होती. आत्याचा मुलगा. लहानपणापासून ठरल्यासारखंच होतं ते, पण त्या वर्षी चार माणसांत सुपारी फोडून पक्कं झालं. तो फोनवर फार बोलायचा नाही. त्यांच्या म्हशीला वगार झाली होती, तिचे फोटो पाठवायचा. आज अशी बसली, आज तशा उड्या मारल्या. मी रात्री ते फोटो बघून झोपायची. मला दुसरं काही नको होतं, हे खरंच सांगते.

आम्ही आलो त्याच आठवड्यात भाऊ तापानं फणफणला. ओळखीचं कुणी नाही, दवाखाना कुठं ते माहीत नाही. मावशींनी त्याला रिक्षात घातलं, सुई टोचवून आणली आणि तो उठून बसेपर्यंत रोज पेज पाठवली. पाठवताना म्हणायच्या, "मरू नको रं माज्या खोलीत, परत कोन भाड्यानं घेनार नाय." हे असं. त्यांचा हात देणारा होता आणि तोंड सोलून काढणारं. दोन्ही एकाच वेळी चालायचं, त्यामुळं मला त्यांच्यावर कधी धड रागावता आलं नाही आणि त्यांच्यासमोर कधी निर्धास्त बसताही आलं नाही. अजूनही येत नाही.

गावातल्या लग्नांत त्या हळदीला गायच्या. जुन्या चालींवर शब्द स्वतःचे. लिहिता येत नव्हतं. मासे साफ करता करता गाणं जुळवायच्या आणि कोळंबीची सालं टाकेपर्यंत ते पाठ झालेलं असायचं. मिठागरं गेली, शेतं गेली, तिथं टॉवर उठले, त्या टॉवरात दिलेली पोर माहेरची दिशा विसरली, असलं सगळं त्यात यायचं. आणि चिडवायची गाणी. विहिणीला, जावयाला, शेजारणीला. मला गावाकडची सवय, नळाला पाणी आलं की घरातलं वाटी-पेल्यापर्यंत सगळं भरून ठेवायची. त्यावर त्यांनी एक जुळवलं.

परभनीची पोर गो, पानी बघून हसते,
बादली नाय भरली त बादलीन बसते.

चाळीतल्या बायका नळावर मी दिसले की हे म्हणायच्या. मीही हसायची. काय करणार.

मावशींच्या मुलानं ठरवलं की आईचा अल्बम काढायचा. आमच्या इकडं यूट्यूबवर टाकायच्या गाण्यांनाही अल्बमच म्हणतात. त्यानं आधी नेरूळला एक स्टुडिओ घेतला. मी डबा द्यायला गेले होते म्हणून ते बघायला मिळालं. काचेच्या खोलीत मावशींच्या कानाला हेडफोन लावलेला, समोर माइक. त्या गायल्या, पण रेशनच्या दुकानावर नाव पुकारतात तशा.

साऊंडवाला बाहेरून म्हणाला, "आई, जरा फील द्या ना."

"कुनाला देऊ?" मावशी म्हणाल्या. "समोर कोन हाय? तू बसतंस का पाटावर?"

त्यांचं म्हणणं साधं होतं. हळदीचं गाणं कुणाच्या तरी अंगावर गायचं असतं. पाट रिकामा ठेवून म्हटलं तर ते जाणार कुठं? गावातल्या बाकीच्या गाणाऱ्या बायका असं मानायच्या की नाही, मला सांगता येत नाही. मावशी मानायच्या, आणि त्यांच्या गळ्यातून दुसरं काही निघतच नव्हतं. मुलगा घरी येईपर्यंत बडबडत होता, स्टुडिओवाल्यासमोर इज्जत घालवलीस म्हणून. शेवटी ठरलं की रेकॉर्डिंग घरीच करायचं, ओटीवर, शेजारच्या बायका साथीला घेऊन, खरी हळद कुटून. फक्त पाटावर एक पोर पाहिजे.

मावशींनी गावात चार घरी विचारलं. कुणी दिली नाही. एका बाईनं नळावरच सुनावलं, सगळ्यांसमोर. "हलद लागली नि लगीन नाय, उद्या तिला कोन करेल? माजी पोर काय तुज्या गान्याची परात हाय?"

मावशींनी तिला सोडून माझ्याकडं बघितलं. मी कळशी उचलत होते.

"तू बस गो."

मी म्हटलं, "मावशी, माझी सुपारी फुटलेली आहे."

"मंग बरा हाय ना. हलद लागनारच हाय तुला. जरा लवकर लागली."

बायका हसल्या. ती सुनावणारी बाईही हसली. मी संध्याकाळी भावाला विचारलं. तो पाळीवरून आलेला, डोळे लाल, जेवताना पेंगत होता. म्हणाला, "व्हिडिओच आहे ना? बस मग. त्यांना नाही कसं म्हणायचं?" त्यांना नाही कसं म्हणायचं, हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी पेज पाठवली होती.

रेकॉर्डिंग भर दुपारी झालं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, कुकर लावायचा नाही, पोरांना बाहेर पिटाळलेलं. बायकांनी उखळात हळद कुटली. ओली हळद थंड लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पायांपासून लावायला घेतलं. पाय, गुडघे, खांदे. एकीनं माझ्या खांद्यावर हात फिरवत म्हटलं, "हाडं टोचतात गो हिची, हात कापंल." दुसरी म्हणाली, "गालाला लाव जास्त, कॅमेऱ्यान उजली दिसंल." साऊंडवाल्यानं हात वर केला, सगळ्या गप्प झाल्या आणि मावशींनी सुरू केलं.

आये, तुजा दार गो उघरा ठेव,
हलदीचे पायांनी मी फिरून येन.

त्या माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या आणि माझ्याकडंच बघून गात होत्या. मासे कापताना गुणगुणायच्या तो आवाज हा नव्हता. हा आवाज पोटात जाऊन बसला. माझ्या हळदीला गायला आमच्या घरात कुणी उरलेलं नाही, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. मावशी 'आये' म्हणाल्या आणि ते सुचलं. मग मला रडू आवरेना. आवाज येऊ नये म्हणून मी ओठ दाबून धरले, पण डोळ्यांचं काय करणार. त्याच वेळी मागं तो ट्रक वळायला लागला. साऊंडवाल्यानं कपाळावर हात मारून थांबायची खूण केली. मावशी थांबल्या नाहीत. ट्रकचा आवाज येतच राहिला, त्या गातच राहिल्या, शेवटपर्यंत.

नंतर साऊंडवाला म्हणाला, "आई, परत एकदा घेऊ. ट्रक आलाय सगळा."

"परत कशी घेनार? हलद एकदाच लागते."

"अहो, धुवून परत लावू ना."

मावशींनी त्याच्याकडं असं बघितलं की तो वायरी गुंडाळायला लागला.

मला मोरीत पाठवलं. मी बेसन लावून घासत होते तर बाहेरून मावशींचा मुलगा आईला म्हणाला, "काय रडली ती, एक नंबर. सांगून पन असा नसता मिळाला." मावशी म्हणाल्या, "रडेल नाय तर काय. बिनआयची हाय." त्यात माया होती की नुसती माहिती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

अल्बमच्या फोटोवर माझा चेहरा आला. पिवळा, डोळे खाली, गालावर दोन ओघळ. आधी गावठाणातल्या लग्नांत वाजला, मग नेरूळच्या सेक्टरांत, मग खारघरला. तिथल्या टॉवरांतली मंडळी कोकणातली, देशावरची, बँकेत आणि ऑफिसांत नोकरी करणारी. त्यांच्या घरी गाणारं कुणी राहिलेलं नव्हतं, त्यांना हे आयतं मिळालं. नवऱ्या मुली त्या ओळीवर आईच्या गळ्यात पडून रडायच्या आणि त्याचे व्हिडिओ फिरायचे. ज्या बायकांनी आपल्या पोरी दिल्या नव्हत्या, त्या आता मावशींच्या ओटीवर येऊन कोरसमध्ये घ्या म्हणून बसायच्या. मावशी त्यांना चहा द्यायच्या आणि घ्यायच्या नाहीत.

माझ्यावरचं ते बादलीचं गाणंही अल्बममध्ये होतं. चाळीपुरतं होतं ते गावभर झालं. किराणा दुकानदार मला बघून बादली वाजवून दाखवायचा.

मुलाखतीला मुलंमुली यायला लागली. एक चॅनलवाली मुलगी होती, छान बोलायची. तिनं विचारलं, "आजी, हे इतकं खरं कसं वाटतं?"

"वाटते नाय. हाय," मावशी म्हणाल्या. "बाकीचे लोक एसीन बसून गातात. माजी हलद खरी, पोर खरी, रडनं खरं. ती बघ, चाय घेऊन आयली."

कॅमेरा माझ्याकडं वळला. त्या मुलीनं मला विचारलं, "तुम्हाला कसं वाटतं, या गाण्याचा भाग होऊन?" मी म्हटलं, चांगलं वाटतं. आणि चहाचा ट्रे पुढं केला, तेही त्यात रेकॉर्ड झालंय.

प्रत्येक मुलाखतीत मावशी हेच सांगायच्या. लोकांनाही तेच आवडायचं. खरी हळद लावून गायलेला अल्बम. पुढं पुढं मुलानं ते गाण्याखाली लिहूनच टाकलं.

आत्याकडं ते कसं पोचायचं राहील? त्यांच्या गल्लीत एका लग्नात डीजेवाल्यानं मोठा पडदा लावला होता, त्यावर माझं तोंड आलं. आत्यानं भावाला फोन केला. मी शेजारीच बसले होते.

"तुझ्या बहिणीला कुणाच्या नावाची हळद लावली रे?"

भावानं समजावलं, शूटिंग होतं म्हणून. आत्या म्हणाली, "शूटिंगला हळद लावत असतेत का? पिवळं पाणी लावत असतेत. ती बाई मोबाईलवर सांगायली खरी हळद, खरी पोर. मी कानानं ऐकलं. गल्लीतल्या बाया मला इचारायल्यात, तुमची सून दुसऱ्याच्या पाटावर बसून आली का म्हणून. मी काय सांगू त्यांना?"

भावानं फोन माझ्या हातात दिला. मी एका दमात सांगितलं, आत्या, खोटी होती, गाण्यापुरती होती, त्याच दिवशी धुतली. आत्या म्हणाली, "तू तर म्हणणारच बाई."

दुसऱ्या दिवशी आत्याच्या मुलाचा फोन आला. तो इतका सरळ पहिल्यांदाच बोलला.

"खोटीच होती ना?"

"हो."

"मग तू रडलीस कशाला?"

 आईचं सांगावं तर गाणं खरंच माझ्यासाठी म्हटलं गेलं असं होतं. डोळ्यात हळद गेली म्हणावं तर तेवढ्यात सुचलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "आई म्हणतीय, त्या गाणाऱ्या बाईनं स्वतः एकदा सांगावं. नाटकाची हळद होती, एवढंच. म्हातारी बाई आहे, तिच्या शब्दाला वजन आहे. मग आई लोकांची तोंडं बंद करील." फोन ठेवताना म्हणाला, "लवकर कर."

म्हणजे एकच वाक्य पाहिजे होतं. मी दोन दिवस मावशींच्या दारासमोरून ये-जा केली. त्यांचा मूड बघायची. तिसऱ्यांदा दिसले तेव्हा त्याच आतून म्हणाल्या, "काय गो, मांजरीवानी काय फिरतंस? बोल."

त्या मोरीशी बसून बोंबील साफ करत होत्या. मी सगळं सांगितलं. सुपारी, आत्या, गल्लीतल्या बायका. रडले नाही, आधी घोकून गेले होते. मावशींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "लाव फोन."

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्या म्हणाल्या, "बाजूला सर, मासळीचं पानी हाय."

त्यांचे हात खराब होते म्हणून फोन मीच त्यांच्या तोंडासमोर धरला, स्पीकर लावून. त्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. आत्या आधी गोड बोलली, मावशींचं गाणं आवडतं म्हणाली. मावशींनीही माझं कौतुक केलं. "पोर कामाला वाघ हाय. एक शब्द उलट नाय. तुमचं नशीब चांगलं हाय."

"ते राहू द्या बाई," आत्या म्हणाली. "ती हळद नाटकाची होती, एवढं तुमच्या तोंडून सांगा. माझं समाधान होऊन जाऊ द्या."

मावशींच्या हातातला बोंबील तसाच राहिला. दारातून मुलगा मान हलवत होता, नको नको म्हणून. मावशींनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी बघत होत्या तसंच.

"नाटकाची नव्हती," त्या म्हणाल्या.

"मग कुणाच्या नावाची होती?"

"कुनाच्या नावाची नाय. हिचीच होती."

आत्यानं पुढचं ऐकून घेतलं नाही. फोन बंद झाला तरी मी तो तसाच धरून उभी होते. मावशींनी बोंबील कापला.

"तोंड नको पाडू. खोटी बोलली असती त गाना मेला असता. उद्या तीच बाय सगळ्यांना सांगेल, नाटक होता म्हनून."

मी म्हटलं, "मावशी, एवढंच तर बोलायचं होतं."

"नवरं मिलतात गो. गाना नाय मिलत." मग पाटीतले चार बोंबील एका ताटलीत काढून माझ्यापुढं सरकवले. "भावाला तलून घाल. सुकलाय तो."

मी ताटली घेतली. घेतली नसती तर बरं, असं कितीदा वाटलं. पण नाही म्हटलं तर त्या काय म्हणतील, खोली सोडा म्हणाल्या तर भाऊ कुठं जाईल, हे विचार आधी आले. बोंबील तळून भावाला वाढले. त्यानं विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्यानं जेवून घेतलं.

आत्याच्या मुलाचं त्याच वर्षी लग्न झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं. भावानं गावाकडं आणखी दोन ठिकाणी माझा विषय काढून बघितला, दोन्हीकडं तो फोटो आधीच पोचलेला होता. भावाला चाकणला पर्मनंट नोकरी लागली. लग्न झालं, बायको आली, तो गेला. मला चल म्हणाला होता, पण वहिनीचा चेहरा बघून मी नंतर येते म्हटलं. मावशींनी मला मागची छोटी खोली दिली. त्यानंतर मला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस त्याच बसल्या. नर्सशी भांडल्या, मला पपईच्या पानांचा रस पाजला, आणि मी डोळे उघडले तेव्हा म्हणाल्या, "मेलीस असती त प्रोग्रामला पाटावर कोन बसली असती?"

कारण तोवर स्टेजचे प्रोग्राम सुरू झाले होते. महोत्सव, वाढदिवस, निवडणुकीच्या आधीचे हळदीकुंकू. तिथंही मावशी रिकाम्या पाटासमोर गात नसत, आणि कुठल्याच घरातली पोर मिळत नसे. मग मीच. "तुला लागलेलीच हाय," त्या म्हणायच्या. "परत लागली काय नि नाय काय." निवेदक माझी ओळख करून द्यायचा, हीच ती फोटोतली मुलगी. मावशी माइकवर सांगायच्या, "अजून लगीन नाय जाला तिचा. हलद उतरलीच नाय." लोक टाळ्या वाजवायचे. कार्यक्रम संपला की बायका माझ्याबरोबर सेल्फी घ्यायला यायच्या. पण आपल्या लग्नाच्या मुलींना मात्र थोडं मागं उभं करायच्या. कुणी तसं बोलायचं नाही. नुसता हात धरून एक पाऊल मागं घ्यायच्या.

मी खात होते, पीत होते, डोक्यावर छप्पर होतं. आमच्या गावातल्या माझ्या बरोबरीच्या मुलींचं काय काय झालं ते ऐकते तेव्हा वाटतं, मावशींनी मला सांभाळलं. ते खरंच आहे. फक्त ते वाक्य त्यांनी बोलायला हवं होतं, हेही मला रोज वाटतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींना कापत नाहीत.

मागच्या वर्षी चाळीत साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं. नवरा मार्केटला माथाडी, बायको शिवणकाम करते, मुलगी अकरावी अर्धवट सोडून घरी बसलेली. उंच, केस दाट, सदानकदा मोबाईलवर. तिच्या आईला मीच दुकान, दवाखाना, पाण्याची वेळ सगळं दाखवलं, म्हणून ती मला ताई ताई करायची. तिनं मुलीसाठी बघायला घेतलं होतं. कोरेगावकडचं एक स्थळ पसंत होतं, बोलणं चालू होतं. हे ती मला पिको करता करता सांगायची, हळू आवाजात, कुणाची नजर लागू नये म्हणून.

त्याच सुमाराला मावशींचा दुसरा अल्बम ठरला. मुलगा म्हणाला, "या टायमाला फेस नवीन पायजे." मावशी मला म्हणाल्या, "त्या साताऱ्यावालीच्या पोरीला सांग. तिची आय तुजं ऐकते. तू सांगितलंस त देल."

मी म्हटलं, "तिचं स्थळ बघतायत मावशी."

"बघू दे. मी काय नवरा लावतंय का तिला? तासाभराचं काम हाय."

मी त्या घरी गेले. त्या बाईनं चहा टाकला. मुलगी माझ्याजवळ सरकून बसली, म्हणाली, "ताई, मावशींचा नवीन व्हिडिओ येणार म्हणे?" मी म्हटलं, हो, येणार असेल. आणि उसवलेल्या ब्लाउजचं काहीतरी विचारून उठून आले.

सकाळी मावशींना सांगितलं, "मीच बसते."

त्या मीठ चाळत होत्या. "का? ती नाय बोलली?"

"विचारलं नाही."

"का नाय विचारलंस?"

मी त्यांना काय सांगायचं होतं? त्यांना माहीत नव्हतं असं नाहीच. पहिल्या दिवसापासून, नळावर त्या बाईनं सुनावलं तेव्हापासून माहीत होतं.

मावशींनी चाळणी खाली ठेवली. माझं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडं वळवलं, मासळी घेताना कल्ले बघतात तसं. "म्हातारी दिसतंस. कॅमेऱ्यान चालनार नाय."

"पदर पुढं ओढते. तोंड दाखवू नका."

मुलगा कटकट करत होता, बिनतोंडाचा व्हिडिओ कोण बघणार म्हणून. मावशी त्याला म्हणाल्या, "मना पाटावर मानूस पायजे. तोंड तुला पायजे." तेवढ्यावर ते मिटलं. दुपारी ओटीवर पंखा बंद केला, बायकांनी हळद कुटली, मी पदर हनुवटीपर्यंत ओढून बसले. पायांपासून लावायला घेतलं. मावशी गायल्या. नवीन गाणं होतं, चांगलं होतं, पण या वेळी मला रडू आलं नाही. मी आतून एकच ऐकत होते, बाहेर ती मुलगी आली आहे का, खिडकीतून बघते आहे का.

ती आली होती. मी हळद धुवून परसात केस पुसत होते तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. तिला कोरसमधल्या कुणीतरी सांगितलं होतं.

"मला बसवणार होत्या ना मावशी?"

मी म्हटलं, "तसं काही नव्हतं."

"होतं. त्या काकू म्हणाल्या, तुम्हाला निरोप सांगायला पाठवलं होतं. तुम्ही येऊन चहा पिऊन गेलात." तिचे डोळे भरले होते. "तुम्हाला सगळीकडं तुम्हीच पाहिजे ताई. एवढं वय झालं तरी."

मी तिला म्हटलं, "अगं, तुझं स्थळ..."

"माझ्या स्थळाचं तुम्ही कशाला बघता? तुमचं जमलं नाही म्हणून दुसऱ्याचंही..." पुढचं तिनं गिळलं आणि निघून गेली.

संध्याकाळपर्यंत तिच्या आईनं ते सगळ्या चाळीत सांगितलं. मी नळावर गेले तर बोलणं थांबलं. मी तिच्याकडं शिवायला टाकलेला ब्लाउज तिनं परत पाठवला, न शिवता, घडी करून. मला तिला एकदाच सगळं सांगायचं आहे, आत्याचं, फोनचं, त्या एका वाक्याचं. पण सांगितलं तर ते मावशींच्या कानावर जाईल, आणि मावशींच्या अल्बमवर बोलणारी माणसं मावशींच्या खोलीत राहत नाहीत.

कोरेगावच्या स्थळाचं अजून पक्कं नाही. मावशी तिसऱ्या अल्बमचं बोलायला लागल्यात. काल ती मुलगी त्यांच्या ओटीवर बसून त्यांच्याबरोबर कोळंबी सोलत होती, मावशी तिला एक ओळ शिकवत होत्या आणि ती छान म्हणत होती. मी दारातून गेले तेव्हा मावशींनी मला हाक मारली नाही.